नटवर्य केशवराव दाते

आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात राजाची भूमिका मागायला पाच मुले पुढे येतात, प्रधानासाठी मात्र गुरुजींना आर्जव करावे लागते. म्हणून आज आपणांस केशवराव दाते यांची ओळख करून देत आहोत. आपल्या पिंपळगाव बसवंतच्या जुन्या मंडळींना हे नाव नवे नाही. तरुणांना बहुधा असेल.

रत्‍नागिरी जिल्ह्यात १८८९ साली त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते महाराष्ट्र नाटक मंडळीत दाखल झाले. ही गद्य नाटके करणारी संस्था. तो काळ गाणाऱ्या नटांचा होता, आणि येथे तर सारी भिस्त शब्दांवर! स्त्रिया रंगभूमीवर येत नसत. केशवरावांनीही आरंभी स्त्रीभूमिका केल्या. पुढे १९३३ साली नाट्यमन्वंतरचे 'आंधळ्यांची शाळा' आले. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, आणि त्या नाटकात स्वतः केशवरावही होते.

चित्रपटात ते आले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. प्रभातच्या 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) हिंदीत चंद्रमोहन आणि मराठीत केशवराव राजगुरू झाले. १९३७ च्या 'कुंकू'तील काकासाहेब तर आपण अवश्य पाहावेत. उतारवयात कोवळ्या मुलीशी लग्न करणारा हा विधुर. प्रेक्षकांनी त्याचा तिरस्कारच करावा अशी ही भूमिका. पण आपली चूक उमगलेल्या त्या म्हाताऱ्याची त्यांना कीव यावी, असे केशवरावांनी केले. आमच्या मते नीरा झालेल्या शांता आपटे यांचे तेज त्यामुळेच अधिक खुलले.

आता 'शेजारी'. साल १९४१. आदल्याच वर्षी लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झालेला, देशातील हवा बिघडत चाललेली. अशा वेळी व्ही. शांतारामांनी जिवबा आणि मिर्झा या दोन वृद्ध जिवलगांची गोष्ट पडद्यावर आणली. कथा विश्राम बेडेकरांची. गावात धरण बांधायला आलेला माणूस स्वार्थापायी दोघांत फूट पाडतो. बुद्धिबळाचा डाव मोडतो, बोलणे बंद होते. शेवटी धरण फुटते तेव्हा दोघे एकमेकांना घट्ट धरून मरण पत्करतात. जिवबा केशवराव, मिर्झा गजानन जागीरदार. हिंदी 'पडोसी'त मिर्झा जागीरदारच राहिले, पण हिंदू ठाकूर झाले मझहर खान! आपण विचार करा, त्या दिवसांत ही अदलाबदल काय सांगत असेल. मोठ्या सभेलाही जे साधले नसते ते या म्हाताऱ्यांच्या अबोल्याने साधले, असे आम्हांस वाटते.

पुढे 'झनक झनक पायल बाजे'त (१९५५) नृत्यगुरू मंगल महाराज त्यांनी उभे केले. गोपीकृष्णांच्या नृत्यावर लोक भाळले. म्हाताऱ्या गुरूचा करारीपणा तेवढाच पाहण्यासारखा आहे. केशवराव १९७१ साली वारले.

'शेजारी' कधी पाहायला मिळाला, तर घरातील लहानांनाही बरोबर बसवा.