समान भूखंडाचा नगररचनाकार

बेलापूरच्या व्यापारी केंद्रातून पारसिक टेकडीच्या पायथ्याकडे निघाले की सेक्टर आठमध्ये सिडकोची एक बैठी वसाहत लागते. निदान ती बैठी असावी अशी मूळ कल्पना होती. ‘आर्टिस्ट व्हिलेज’ या नावाने परिचित असलेल्या या वसाहतीचे रचनाकार चार्ल्स कोरिया. त्यांच्या संग्रहालयांची व सांस्कृतिक भवनांची कीर्ती जगभर पसरली. तथापि शहरातील जमीन कोणाच्या वाट्याला किती यावी, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर लावून धरला आणि त्यांचे खरे मोल तेथेच शोधावे लागते.

मूळच्या गोव्याच्या कुटुंबात १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबाद येथे कोरिया यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून ते अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात आणि पुढे एमआयटीमध्ये गेले. १९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतःचे काम सुरू केले. साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय ही त्यांची आरंभीची कृती. विटांचे खांब, कौलारू छपरे आणि मध्ये आकाशाला खुली जागा एवढ्याच साहित्यावर उभी राहिलेली ही वास्तू १९६३ मध्ये पूर्ण झाली. आपल्या हवामानात मोकळे अंगण हीसुद्धा एक खोलीच असते, हे सूत्र त्यांना तेव्हाच गवसले होते.

१९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून प्रवीणा मेहता, शिरीष पटेल आणि कोरिया यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची योजना मांडली. नोकऱ्या बेटाच्या दक्षिण टोकाला आणि वस्ती उत्तरेला, ही मुंबईची कुचंबणा त्यांना मोडायची होती. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली व कोरिया नव्या शहराचे मुख्य वास्तुरचनाकार झाले. शासनाने आपला कारभार पलीकडे हलवावा, ही योजनेतील कळीची अपेक्षा होती. मंत्रालय जागचे हलले नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून कचेऱ्यांचे मनोरे वाढत राहिले. शिवाय ज्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले, त्यांतील आगरी-कोळी भूमिपुत्रांना न्याय्य वाटा आराखड्यातून नव्हे, तर आंदोलनातून मिळवावा लागला. जानेवारी १९८४ मधील गोळीबारात त्यासाठी पाच जणांचे प्राण गेले. सर्वांसाठी शहर या कल्पनेतील ही उणीव नजरेआड करता येत नाही.

बेलापूरचे काम १९८३ ते १९८६ या काळातले. सुमारे ५५० कुटुंबांसाठी सहा हेक्टरांच्या आतबाहेर जागा होती. येथे राहणाऱ्यांच्या उत्पन्नात एकास पाच एवढी तफावत गृहीत धरली होती. भूखंड मात्र सर्वात लहान ४५ आणि सर्वात मोठा ७५ चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे कारकुनाला आणि अधिकाऱ्याला जमीन जवळपास सारखीच. सात घरांमध्ये एक अंगण, अशा तीन गटांमध्ये एक मोठा चौक. कोणतीही भिंत सामाईक नाही, त्यामुळे शेजाऱ्याला न विचारता घर वाढविता येई. गवंड्याला बांधता यावे इतके बांधकाम साधे. पुढे रहिवाशांनी या मुभेचा अपेक्षेहून अधिक लाभ घेतला. जमिनीचे भाव चढले, कौले उतरली, दोन-तीन मजले उभे राहिले आणि मूळ घरे मोजकीच उरली. पुष्कळांना यात योजनेचे अपयश दिसते. परंतु घर वाढावे हीच तर योजना होती! कंबाला हिलवर श्रीमंतांसाठी ‘कांचनजंगा’ हा मनोरा उभारणारा हाच वास्तुविशारद सामान्यांसाठी मात्र उंच इमारतींना विरोध करीत असे, ही विसंगती त्यांच्या टीकाकारांनी हेरली नसती तरच नवल.

मुंबईच्या मध्यभागी ओस पडलेल्या सुमारे ६०० एकर गिरणी जमिनींचा प्रश्न त्यांच्याकडे १९९६ मध्ये आला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या होत्या. १९९१ च्या नियमानुसार या जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग महापालिकेला मैदाने व उद्यानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. प्रत्येक गिरणीने आपापले तुकडे तोडून दिले, तर हाती चिंधड्याच येतील, हे कोरिया समितीने ओळखले. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांची जमीन एकत्र धरून तिची नव्याने मांडणी करावी, म्हणजे सलग मैदाने, घरे आणि रोजगाराच्या जागा शेजारी-शेजारी येतील, असा तिचा अहवाल होता. परळ व एल्फिन्स्टन रोड या स्थानकांपाशी पादचाऱ्यांसाठी प्रशस्त चौकही तिने सुचविला होता.

शासनाने तो अमलात आणला नाही. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेचीच तीन वाटण्यांत गणना होऊ लागली. गिरणीची बहुतेक जमीन बांधकामाखालीच असे, त्यामुळे शहराचा हिस्सा आक्रसला. प्रकरण न्यायालयात गेले. २००६ च्या जानेवारीत कोरिया यांना पद्मविभूषण जाहीर झाले आणि मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला. गिरणगावात मनोरे आणि मॉल उभे राहिले, कचेऱ्या आल्या, हजारो माणसे रोज तेथे उतरू लागली. स्थानकांवरचे जिने आणि पूल मात्र जुनेच राहिले.

१६ जून २०१५ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी कोरिया यांचे मुंबईत निधन झाले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण मरण पावले. त्यांच्या समितीने पादचाऱ्यांसाठी चौक सुचविला होता, तो याच स्थानकापाशी.