महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे

बक्षीस-समारंभ आटोपला म्हणजे बक्षीस कोणास मिळालें हा प्रश्न घरोघर विचारला जातो. तें कशासाठीं मिळालें, व तें मिळण्यापूर्वीं त्या विद्यार्थ्यानें काय सोसलें, ह्याची चौकशी मात्र क्वचितच होते. राष्ट्र आपल्या विद्वानांस जे मानसन्मान देतें त्यांचीही गत बहुधा हीच असते. पदवीचें नांव लोकांच्या तोंडीं राहतें. पदवीमागचीं वर्षें विस्मृतींत जातात. म्हणून राष्ट्राच्या सर्वोच्च सन्मानास पात्र ठरलेल्या, आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यांतील एका संशोधकाचें चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढें ठेवीत आहों.

पांडुरंग वामन काणे ह्यांचा जन्म ७ मे १८८० रोजीं चिपळूणजवळ परशुरामाच्या परिसरांत, आजोळीं झाला. काणे घराणें मूळचें दापोली तालुक्यांतील मुरूडचें. समुद्रकांठच्या ह्या लहानशा गांवाशीं रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक व महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांचींही नांवें जोडलेलीं आहेत, हें पाहिलें म्हणजे विद्येला मोठें शहरच लागतें असें म्हणण्याचें धाडस होत नाहीं. वडील वामनराव दापोलीस वकिली करीत. घरांत वेदाध्ययनाची परंपरा होती, व लहानग्या पांडुरंगाकडून अमरकोशांतील श्लोक पाठ करून घेण्यांत वडिलांनीं कसूर केली नाहीं. इंग्रजी शिक्षण दापोलीच्या मिशन हायस्कुलांत झालें. अशा रीतीनें घरीं संस्कृत व शाळेंत इंग्रजी असे दोन पाठ एकाच वेळीं चालू राहिले. पुढें जन्मभर त्यांनीं जें कार्य केलें, तें ह्या दोन पाठांच्या मिलाफांतूनच निर्माण झालें असें आम्हांस वाटतें.

ह्याच काळांत एक तिसरा सोबतीही त्यांना मिळाला. तो म्हणजे पोटाचा विकार. त्यानें काण्यांना लहानपणीं गांठलें तें अखेरपर्यंत सोडलें नाहीं. आजारपण हें अभ्यास न करण्याचें कारण म्हणून सांगण्याची त्यांना पुरेपूर सोय होती; तिचा फायदा त्यांनीं घेतला नाहीं.

१८९७ सालीं मॅट्रिकची परीक्षा उतरून ते मुंबईस विल्सन कॉलेजांत गेले. १९०१ सालीं बी. ए. होतांना त्यांस संस्कृतांतील भाऊ दाजी पारितोषिक मिळालें, व १९०३ सालीं एम्. ए. होतांना वेदान्ताचें झाला पारितोषिक मिळालें. इतकें यश पदरीं असलेला तरुण १९०४ सालीं रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलांत शिक्षक म्हणून रुजू झाला. तीन वर्षें ह्या गांवांत त्यांनीं मुलांस शिकविलें. शाळेचें काम संभाळून त्यांनीं निबंध लिहिले, व संस्कृत अलंकारशास्त्राच्या इतिहासाचा शोध घेण्यास आरंभ केला. मुंबई विद्यापीठाचें मंडलीक सुवर्णपदक त्यांस ह्याच सुमारास प्राप्त झालें. १९०७ सालीं त्यांची बदली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांत झाली.

येथें त्यांच्या आयुष्यांत कसोटीचा प्रसंग आला. सरकारी शिक्षणखात्यांत आपल्या योग्यतेची बूज राखली जात नाहीं, असें त्यांच्या अनुभवास आलें. दरमहाचा निश्चित पगार, पुढें मिळणारें पेन्शन व सरकारी नोकरीची प्रतिष्ठा एका बाजूस, आणि स्वाभिमान दुसऱ्या बाजूस, असा तो पेंच होता. काण्यांनीं १९११ सालीं नोकरी सोडली व मुंबईच्या हायकोर्टांत वकिली सुरू केली. प्रकृति नाजूक, वय एकतिसाचें, आणि धंदा असा कीं, त्यांत पहिलीं वर्षें अशिलांची वाट पाहण्यांतच जातात. पालकांपैकीं ज्यांनीं असे निर्णय जवळून पाहिले आहेत, त्यांस ह्यांतील जोखीम निराळी सांगावयास नको. तथापि ह्याच निर्णयानें त्यांच्या संशोधनास दिशा दिली. कायद्याचा अभ्यास व संस्कृताचा व्यासंग हे दोन प्रवाह आतां एकत्र आले. १९१७ ते १९२३ पर्यंत ते सरकारी लॉ कॉलेजांत प्राध्यापकही होते.

सतराव्या शतकांतील नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख हा ग्रंथ गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण ह्या भागांत वारसाहक्काच्या दाव्यांत फार प्रमाण मानला जात असे. त्याची शुद्ध प्रत काण्यांनीं १९२६ सालीं प्रसिद्ध केली. तिला जोडण्यासाठीं धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना लिहावी, एवढाच त्यांचा मूळ हेतु होता. परंतु विषय उकलतां उकलतां वाढत गेला, आणि त्या प्रस्तावनेचा एक स्वतंत्र महाग्रंथ झाला.

ह्या कामाची रीत विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखी आहे. जुन्या संस्कृत ग्रंथांवर बहुधा सन घातलेला नसतो. मग त्यांचा काळ कसा ठरवावयाचा? एका ग्रंथकारानें दुसऱ्याचें वचन आधारास घेतलें असेल, तर तो दुसरा त्याच्या आधींचा; आणि पुढें कोणी त्याचें मत खोडून काढलें असेल, तर तो खोडणारा मागाहूनचा. अशा दोन कुंपणांच्या मध्यें ग्रंथाचा काळ कोंडावयाचा, व शिलालेख, ताम्रपट आणि हस्तलिखितांवरील मिति ह्यांच्या साह्यानें तीं कुंपणें शक्य तितकीं जवळ आणावयाचीं. कात्यायनाची व्यवहारविषयक स्मृति तर समूळ लुप्त झाली होती. इतर ग्रंथकारांनीं घेतलेले तिचे विखुरलेले श्लोक काण्यांनीं वेंचून एकत्र केले व १९३३ सालीं ती स्मृति पुन्हां वाचकांच्या हातीं दिली. प्रयोगशाळेंत शास्त्रज्ञ जें करितो तेंच हें काम होय. अनुमान बांधावें, पुराव्यानें तपासावें, व पुरावा नसेल तेथें थांबावें.

धर्मशास्त्राच्या इंग्रजी इतिहासाचा पहिला खंड पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९३० सालीं प्रसिद्ध केला. दुसरा १९४१ सालीं, तिसरा १९४६ सालीं, चौथा १९५३ सालीं निघाला, आणि पांचव्या खंडाचा अखेरचा भाग १९६२ सालीं बाहेर आला. पहिल्या खंडाच्या वेळीं ग्रंथकाराचें वय पन्नास होतें, शेवटच्या वेळीं ब्यायशीं. एकंदर पृष्ठसंख्या सहा हजारांवर गेली. त्यांत संस्कार आहेत, राजनीति आहे, न्यायपद्धति आहे, व्रतें, उत्सव व पंचांगाचें गणितही आहे.

इतक्या प्राचीन ग्रंथांत रमलेला पुरुष जुन्याचा आंधळा कैवारी असेल, अशी कोणाचीही समजूत होईल. ती खरी नव्हे. आचार कालानुसार बदलत आले आहेत, हें त्यांनीं पुराव्यानिशीं पाहिलें होतें. म्हणून ते पुढेंही बदलूं शकतात असें त्यांचें मत होतें. केशवपन न केलेल्या एका विधवेस पंढरपुरास विठ्ठलाच्या पूजेचा हक्क मिळावा, म्हणून ते कोर्टांत तिच्या बाजूनें लढले. कपाटांतील विद्या अशा वेळीं एका निराधार स्त्रीच्या उपयोगीं पडली, ह्याचें मोल आम्हांस कोणत्याही पदकाहून कमी वाटत नाहीं.

मानसन्मान आले ते पुष्कळसे उतारवयांत. ब्रिटिश अमदानींत त्यांस महामहोपाध्याय ही पदवी मिळाली होती. १९४७ ते १९४९ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु होते, आणि १९५३ पासून १९५९ पर्यंत राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सभासद. इतिहासाच्या चौथ्या खंडास १९५६ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. १९५९ सालीं त्यांस राष्ट्रीय प्राध्यापक नेमण्यांत आलें. ह्या मानाच्या मालिकेंत सर चंद्रशेखर वेंकट रामन व सत्येंद्रनाथ बोस ह्यांच्यासारखे पदार्थविज्ञानवेत्ते आहेत; त्यांच्या पंक्तीस धर्मशास्त्राचा एक अभ्यासक बसविला गेला, ह्याचा अर्थ शोधाची शिस्त एकच, मग विषय कोणताही असो. अखेरीस १९६३ सालीं त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. मुरूडशीं नातें असलेल्या महर्षि कर्व्यांस तो १९५८ सालींच मिळाला होता.

त्याच १९५८ सालापासून विज्ञानांतील संशोधनासाठीं शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक देण्यांत येऊं लागलें. तें पंचेचाळीस वर्षांपर्यंतच्या शास्त्रज्ञांसाठीं ठेविलेलें होतें, आणि तरुण बुद्धीस वेळींच उत्तेजन मिळावें हा त्यांतील हेतु स्तुत्यच आहे. परंतु काण्यांच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं त्यांच्या महाग्रंथाचें एक पानही छापलेलें नव्हतें, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. ज्यांचें नांव यंदाच्या बक्षिसांच्या यादींत नाहीं, त्या मुलांनीं व त्यांच्या आईबापांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. आणि ज्यांचें आहे, त्यांनीं काम संपलें असें समजण्याचेंही कारण नाहीं.

१९७२ सालीं म. म. काणे निवर्तले. त्यांचे खंड ग्रंथालयांतून आजही अभ्यासकांच्या हातीं असतात, व एखाद्या जुन्या ग्रंथाचा काळ ठरवावयाचा झाला तर अभ्यासक प्रथम त्यांच्याकडे वळतात. रत्नागिरीच्या वर्गांत मुलांस शिकवून उरलेल्या वेळांत ज्या व्यासंगाची जोपासना झाली, त्याचें हें फळ होय. शाळा सुटल्यावरचा तो वेळ आपल्यापैकीं प्रत्येकास आजही मिळतो.