कार्ल लांगेनबुख : खड्यांसोबत पित्ताशयही काढणारे पहिले सर्जन

पित्ताशयातले खडे त्रास देऊ लागले की डॉक्टर सहसा अख्खं पित्ताशयच काढायला सांगतात. वसई-विरारमध्येही हे ऑपरेशन आता दुर्बिणीतून होतं. पण नुसते खडे का काढत नाहीत? याचं उत्तर जर्मन सर्जन कार्ल लांगेनबुख यांच्या आयुष्यात सापडतं.

त्यांचा जन्म 1846 मध्ये कील शहरात झाला. वयाच्या 27व्या वर्षी ते बर्लिनच्या लाझारस रुग्णालयाचे प्रमुख झाले. तेव्हाचे सर्जन पित्ताशयाला छेद देऊन खडे काढत आणि पित्ताशय आतच ठेवत. काही दिवसांनी खडे पुन्हा होत. लांगेनबुख यांना वाटलं, खरा दोष खडे तयार करणाऱ्या पिशवीत आहे. घोडा आणि हत्ती यांना तर पित्ताशय नसतंच. मग माणूसही त्याच्याशिवाय जगू शकेल. आधी त्यांनी मृतदेहांवर सराव केला.

15 जुलै 1882 रोजी त्यांनी 43 वर्षांच्या एका रुग्णाचं पित्ताशय काढलं. तो 16 वर्षं पोटदुखीने हैराण होता आणि मॉर्फिनवर दिवस काढत होता. दुसऱ्या दिवशी तो चक्क सिगार ओढत होता. सुमारे सहा आठवड्यांनी तो बरा होऊन घरी गेला. तरीही अनेक सर्जननी या पद्धतीला विरोध केला.

1888 मध्ये लांगेनबुख यांनी एका स्त्रीच्या यकृताचा डावीकडचा भाग काढल्याची माहिती प्रसिद्ध केली. रक्तस्रावामुळे तिचं पोट पुन्हा उघडावं लागलं, पण ती वाचली. 1901 मध्ये लांगेनबुख यांचं निधन झालं.

1985 मध्ये जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी ही पद्धत भारतात आणली. छेद लहान झाला, विचार मात्र लांगेनबुख यांचाच राहिला.

यकृताच्या आतल्या नलिकांत खडे झाले तरी हाच विचार लागू पडतो. आक्रसलेल्या नलिका तशाच राहिल्या तर खडे पुन्हा होतात. म्हणून आजार यकृताच्या एकाच भागात असेल, तर तो भागच काढतात. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं तर वेदना कमी होतात आणि घरी लवकर जाता येतं. पण आतले अवयव एकमेकांना चिकटलेले असतील किंवा रक्त थांबत नसेल, तर पोट उघडणंच सुरक्षित असतं. दुर्बिणीचं ऑपरेशन मध्येच थांबवून सर्जनने पोट उघडलं, तर ते अपयश नसतं. रुग्णाच्या जिवासाठी घेतलेला तो निर्णय असतो.