मिठावरच्या कराचा हिशेब

परवा वाणसामान भरल्यावर पावती वाचत होतो. साबणावर कर, टूथपेस्टवर कर. मिठापुढे मात्र शून्य. ते शून्य पाहून मला गोपाळ कृष्ण गोखले आठवले.

९ मे १८६६ रोजी कोकणातल्या कोतळूक गावी त्यांचा जन्म झाला. १८७९ साली वडील गेले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवले. ८ रुपयांत महिना काढणाऱ्या मुलाला पै-पैची किंमत वेगळी शिकवावी लागली नाही. पुढे ते फर्ग्युसन कॉलेजात दरमहा ७५ रुपयांवर शिकवू लागले. शाळेसाठी त्यांनी अंकगणिताचे पुस्तकही लिहिले.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात ते अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले, तेव्हा वय होते अवघे ३५. सरकार शिलकीवर खूश होते. पण दोन मोठे दुष्काळ नुकतेच होऊन गेलेल्या देशात शिल्लक आली कुठून? गोखल्यांनी हिशेब उलगडला. रुपया घसरला तेव्हा विलायतेचा खर्च भागवण्यासाठी कर वाढवले गेले. १८८८ मध्ये मिठाचा कर मणाला २ रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे रुपया सावरला, वाढीव कर मात्र तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक भरभराटीची नव्हती, रयतेकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेल्या पैशाची होती. त्यातही मिठाचा कर सर्वांत जाचक, कारण मीठ जहागीरदाराइतकेच मजुरालाही लागते.

त्यांच्यासह अनेकांनी ही मागणी लावून धरली. १९०३ मध्ये हा कर २ रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये १ रुपया झाला. १९०३ मध्येच प्राप्तिकराची सूट वर्षाला ५०० वरून १००० रुपये उत्पन्नापर्यंत गेली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, ४८व्या वर्षी, गोखले पुण्यात वारले. मिठाचा कर पुरता गेला तो १९४७ साली.

स्वतंत्र भारताने १९५७ मध्ये श्रीमंतांच्या मालमत्तेवर संपत्तिकर बसवला. वसुली थोडी आणि खटाटोप फार म्हणून २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. साबणावरचा कर मात्र चालूच आहे. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाई एका वडीवर जेवढा कर भरतात, तेवढाच त्या वडीवर करोडपतीही भरतो. सरकारी तिजोरी भरल्याची बातमी आली की गोखल्यांसारखे आपणही विचारायला हवे, हा पैसा कोणाच्या खिशातून आला?