कीइचिरो टोयोडा : एका राजीनाम्याचा अर्थ

जुलै २०२४ च्या अखेरीस छत्रपती संभाजीनगर येथे मोटारनिर्मितीचा कारखाना उभारण्यासंबंधी टोयोटा किर्लोस्कर मोटर आणि महाराष्ट्र शासन यांच्यात सामंजस्य करार झाला. सुमारे वीस हजार कोटी रुपयांची गुंतवणूक आणि हजारो रोजगार, अशी आकडेवारी त्या वेळी प्रसिद्ध झाली आणि मराठवाड्यातील तरुणांच्या व त्यांच्या पालकांच्या आशा पल्लवित झाल्या. ते स्वाभाविकच होते. परंतु ज्या नावावर आपण इतका विश्वास टाकतो त्या नावाची पत कशी निर्माण झाली आणि तिची किंमत कोणी मोजली, याचा विचार मात्र फारसा झाला नाही. टोयोटा कंपनीचे संस्थापक कीइचिरो टोयोडा यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. त्यांची कथा सामान्यतः जिद्द आणि चिकाटी यांचा वस्तुपाठ म्हणून सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग यशाचा नसून अपयशाचा आहे, आणि तो १९५० सालचा आहे.

कीइचिरो यांचा जन्म ११ जून १८९४ रोजी जपानच्या शिझुओका प्रांतातील यामागुची या खेड्यात झाला. वडील साकिची टोयोडा हे एका सुताराचे पुत्र. मागात सुधारणा करण्याच्या ध्यासाने त्यांना इतके झपाटले होते की संसाराकडे त्यांचे लक्ष क्वचितच असे. कीइचिरोंच्या जन्मानंतर थोड्याच काळात आई घर सोडून गेली आणि त्यांचे प्रारंभीचे बालपण आजी-आजोबांच्या छायेत गेले. पुढे टोकियोच्या शाही विद्यापीठातून १९२० साली यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते वडिलांच्या वस्त्रोद्योगात दाखल झाले. पिता हाताने शिकलेला कारागीर आणि पुत्र विद्यापीठात शिकलेला अभियंता, असा हा संयोग होता.

या संयोगातून १९२४ साली ‘जी’ जातीचा स्वयंचलित माग सिद्ध झाला. धोट्यातील सूत संपत आले की माग न थांबता धोटा आपोआप बदलला जाई. उलट धागा तुटला की माग आपोआप थांबे. दुसरा गुण पहिल्याइतकाच महत्त्वाचा होता. धागा तुटल्यानंतरही चालत राहणारा माग सदोष कापडाचे वारच्या वार विणत जातो आणि त्यावर नजर ठेवण्यासाठी माणूस जखडून पडतो. माग स्वतःच थांबू लागल्यावर एका कामगाराला पंचवीस-तीस माग सांभाळणे शक्य झाले. १९२६ साली कारिया येथे हे माग बनविणारी कंपनी स्थापन झाली. १९२९ साली इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या विख्यात कंपनीने या मागाचे पेटंट हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. ज्या लँकेशायरने जगाला यंत्रावर कापड विणायला शिकविले, त्याच लँकेशायरने जपानी माणसाकडून मागाचे हक्क घ्यावेत, ही घटना आशियाच्या औद्योगिक इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे.

याच पैशातून टोयोटा मोटार जन्माला आली, अशी आख्यायिका आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे जरा सावधपणे पाहिले पाहिजे. एक लाख पौंड म्हणजे त्या वेळचे सुमारे दहा लाख येन. १९३७ साली मोटार कंपनी स्थापन झाली तेव्हा तिचे भांडवल एक कोटी वीस लाख येन होते. म्हणजे पेटंटच्या पैशाने फार तर आरंभ झाला असेल. पुढचा सारा डोलारा मागाच्या कारखान्याचा नफा, भागधारकांचे भांडवल आणि शासनाचे संरक्षण यांवर उभा राहिला. संशोधकाच्या बुद्धीचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. उद्योग केवळ एका माणसाच्या स्वप्नावर उभे राहत नाहीत, एवढेच ध्यानात घ्यावयाचे आहे.

१९२३ च्या भीषण भूकंपात टोकियोतील ट्रामगाड्या आणि लोहमार्ग निकामी झाले, तेव्हा नगरपालिकेने अमेरिकेहून फोर्ड गाड्यांचे सांगाडे मागवून त्यांच्या बसगाड्या केल्या. जपानमध्ये मोटारींना बाजारपेठ आहे हे त्यामुळे सिद्ध झाले. फोर्डने १९२५ साली योकोहामा येथे आणि जनरल मोटर्सने १९२७ साली ओसाका येथे जुळणीचे कारखाने काढले. सुटे भाग अमेरिकेतून यावयाचे आणि जपानी हातांनी ते फक्त जोडावयाचे, अशी ही व्यवस्था होती. कीइचिरोंना ती रुचली नाही. १९३३ साली मागाच्या कंपनीतच त्यांनी मोटार विभाग सुरू केला. मेहुणे आणि कंपनीचे प्रमुख रिसाबुरो टोयोडा यांचा या धाडसाविषयीचा दृष्टिकोन प्रारंभी साशंक होता. एक शेव्हरोले गाडी विकत घेऊन ती सुटी करण्यात आली आणि तिच्या भागांचा अभ्यास सुरू झाला. इंजिनाचा सिलिंडर ब्लॉक ओतताना शेकडो ओतीव ठोकळे वाया गेले. पहिले इंजिन १९३४ साली आणि पहिली नमुना मोटार १९३५ साली तयार झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये पहिली मालमोटार बाजारात आली.

ही मालमोटार चांगली नव्हती, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ती रस्त्यात वारंवार बंद पडे. परंतु गाडी बंद पडल्याचे कळताच कंपनीची माणसे तेथे धावत; अनेकदा स्वतः कीइचिरो जाऊन बिघाडाचे कारण शोधीत आणि त्यानुसार कारखान्यात दुरुस्ती करवीत. जनरल मोटर्सच्या जपानी शाखेतून आलेले शोतारो कामिया विक्रीची बाजू सांभाळत होते. ग्राहकाचे हित प्रथम, विक्रेत्याचे नंतर आणि उत्पादकाचे शेवटी, असा क्रम त्यांनी लावून दिला. मालाचा दर्जा अद्याप साधला नव्हता; पण दोष झाकावयाचा नाही, ही वृत्ती मात्र आली होती.

शासनाचा वाटाही नाकारता येणार नाही. १९३६ च्या मोटार उत्पादन कायद्याने परवानापद्धती आणली, बहुसंख्य भांडवल जपानी असण्याची अट घातली आणि फोर्ड व जनरल मोटर्स यांची वाट अडविली. १९३९ पर्यंत त्यांचे तेथील उत्पादन थांबले. मालमोटारींचा मोठा ग्राहक सैन्य होते आणि ते सैन्य १९३७ पासून चीनमध्ये आक्रमणात गुंतले होते. टोयोटाच्या बाल्यावस्थेचे पोषण कोणत्या अन्नावर झाले, हे गौरवपर चरित्रांत सहसा सांगितले जात नाही. पण इतिहासाला त्याची नोंद घ्यावीच लागते.

दरम्यान १९३६ साली बोधचिन्हासाठी स्पर्धा घेण्यात आली आणि तीतून कुटुंबाच्या ‘टोयोडा’ या नावाऐवजी ‘टोयोटा’ हे नाव पुढे आले. उच्चार सुलभ, जपानी लिपीत ते आठ रेघांत लिहिता येते आणि आठ हा अंक तेथे शुभ मानतात. २८ ऑगस्ट १९३७ रोजी टोयोटा मोटार कंपनी स्वतंत्रपणे स्थापन झाली आणि १९३८ साली कोरोमो या गावी मोठा कारखाना सुरू झाला. येथेच कीइचिरोंनी आपला प्रसिद्ध विचार मांडला : जो सुटा भाग ज्या वेळी आणि जेवढा हवा, तेवढाच त्या वेळी हजर असावा. कोठारात पडून राहिलेला माल म्हणजे अडकून पडलेले खेळते भांडवल, हे सूत्र वाणिज्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते; ते कारखान्याच्या दैनंदिन व्यवहारात उतरविण्याचा हा प्रयत्न होता. युद्धकालीन टंचाईमुळे तो तेव्हा साधला नाही. पुढे ताइइची ओहनो यांनी त्याला पूर्ण रूप दिले. १९४१ साली कीइचिरो अध्यक्ष झाले. १४ ऑगस्ट १९४५ रोजी, म्हणजे शरणागतीच्या घोषणेच्या आदल्या दिवशी, कोरोमोच्या कारखान्यावर बाँब पडले आणि त्याचा सुमारे चौथा हिस्सा उद्ध्वस्त झाला.

युद्धोत्तर जपानमध्ये चलनवाढीने कहर केला होता. तिला आळा घालण्यासाठी १९४९ साली अमेरिकन बँकर जोसेफ डॉज यांच्या सल्ल्याने कठोर उपाय योजण्यात आले. अंदाजपत्रक संतुलित झाले, डॉलरचा दर ३६० येन ठरला, किमती आटोक्यात आल्या. परंतु बाजारातील पैसा आटला. टोयोटाने हप्त्यांवर गाड्या विकल्या होत्या, ते हप्ते थकले. पगार वेळेवर होईनात. निसान आणि इसुझु यांनी १९४९ मध्येच कामगार कपात केली. कीइचिरोंनी मात्र तसे करण्याचे नाकारले. वर्षअखेरीस कामगार संघटनेने दहा टक्के वेतनकपात मान्य केली आणि त्याच्या मोबदल्यात कंपनीने कोणालाही कामावरून कमी न करण्याचे आश्वासन दिले.

हे आश्वासन पाळता आले नाही. दिवाळे निघण्याची वेळ आली तेव्हा बँक ऑफ जपानच्या नागोया शाखेने पुढाकार घेऊन बँकांचा गट जमविला आणि कर्ज मिळवून दिले. पण त्यासोबत अटी आल्या. विक्री व्यवसाय वेगळ्या कंपनीकडे द्यावा, विकल्या जातील तेवढ्याच गाड्या बनवाव्यात आणि जादा कामगार कमी करावेत. एप्रिल १९५० मध्ये कपातीची योजना जाहीर होताच कामगार संतप्त झाले. दिलेला शब्द मोडला गेला होता आणि त्यांचा संताप रास्तच होता. संघर्ष दोन महिने चालला. ५ जून रोजी कीइचिरोंनी दोन सहकाऱ्यांसह राजीनामा दिला. त्यानंतर काही दिवसांतच तडजोड झाली. दोन हजारांहून अधिक कामगारांनी नोकरी सोडली आणि सुमारे आठ हजारांचा कारखाना सहा हजारांवर आला.

नियतीचा पुढचा भाग अधिक क्रूर आहे. राजीनाम्यानंतर वीस दिवसांनी, २५ जून १९५० रोजी, कोरियात युद्ध भडकले. अमेरिकन सैन्याने टोयोटाकडे मालमोटारींच्या मागण्या नोंदविल्या. त्यांची एकूण संख्या सुमारे ४,७०० पर्यंत गेली आणि बुडणारी कंपनी तरली. नवे अध्यक्ष ताइझो इशिदा यांनी १९५२ च्या प्रारंभी कीइचिरोंना परत येण्याची गळ घातली आणि त्यांनी ती मान्यही केली. परंतु २७ मार्च १९५२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. १९५५ ची क्राउन, १९६६ ची कोरोला, १९५९ साली कोरोमोचे झालेले टोयोटा असे नामांतर, यांपैकी काहीही त्यांना पाहावयास मिळाले नाही.

या राजीनाम्याचा अर्थ काय? त्याने दोन हजार घरांत चूल पेटली नाही, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो खोडता येणार नाही. मालकाची प्रतिष्ठा गेली तरी त्याचे कुटुंब उघड्यावर पडत नाही, कामगाराचे पडते. कीइचिरोंचे पुत्र शोइचिरो पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले; कपात झालेल्या कामगारांच्या मुलांचे काय झाले, याची नोंद कोणत्याही गौरवग्रंथात नसते. तरीही मला हा राजीनामा मोलाचा वाटतो. उद्योगातील नुकसानीची विभागणी बहुधा वरून खाली होत जाते : तोटा झाला की प्रथम हंगामी कामगार जातो, मग कायम कामगार, मग कारकून, आणि ज्यांनी निर्णय घेतले ते शेवटपर्यंत टिकतात. येथे शब्द देणाऱ्याने तो मोडल्यावर आपले पद ठेवले नाही. बाजाराने वा बँकांनी आपला नाइलाज केला, ही सबब खरी असूनही त्याने तिचा आधार घेतला नाही.

त्याचा परिणाम दीर्घकाळ टिकला. १९५० ची आठवण कंपनीला आणि संघटनेला विसरता आली नाही. १९६२ साली दोघांनी परस्परविश्वासाचे संयुक्त निवेदन काढले आणि कायम कामगारांच्या नोकरीची सुरक्षितता हा तेथील धोरणाचा पाया बनला. धागा तुटताच थांबणाऱ्या मागाचे तत्त्व जुळणीच्या रांगेवर आले. दोष दिसताच रांग थांबविण्याचा अधिकार साध्या कामगाराला मिळाला. दोष दाखविल्याने आपली नोकरी जाईल अशी धास्ती असेल, तर कोणता कामगार दोष दाखवील? टोयोटाच्या गाड्यांच्या टिकाऊपणाचे रहस्य शोधणाऱ्यांनी या साध्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नये.

अर्थात पत ही वारसाहक्काने कायमची मिळत नाही. २००८-०९ च्या जागतिक मंदीत कायम कामगार सुरक्षित राहिले, पण हजारो हंगामी कामगारांना घरी जावे लागले. २०१० साली लाखो गाड्या परत मागविण्याची नामुष्की ओढवली आणि कीइचिरोंचे नातू अकिओ टोयोडा यांना अमेरिकन काँग्रेसपुढे क्षमा मागावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये तर, साकिची आणि कीइचिरो यांनी ज्या मागाच्या कंपनीतून आरंभ केला तिच्याच डिझेल इंजिनांच्या चाचण्यांतील आकड्यांत फेरफार झाल्याचे उघड झाले. धागा तुटला होता आणि माग चालूच ठेवला गेला होता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरापासून सुरू झालेल्या घराण्याचे नाव आज या जपानी नावाशी जोडलेले आहे. त्यांची मोटारींसाठीची भागीदारी १९९७ ची; त्यापूर्वी ती वस्त्रोद्योगाच्या यंत्रांसाठी झाली होती. म्हणूनच आपल्याकडील कारखान्याविषयी बोलताना किती कोटी आणि किती नोकऱ्या, एवढेच विचारून थांबणे योग्य नाही. त्या नोकऱ्यांपैकी कायम किती आणि कंत्राटी किती, मंदी आली तर भार प्रथम कोणावर पडणार आणि दिलेला शब्द मोडला तर त्याचे उत्तर कोण देणार, हे प्रश्न करार होतानाच विचारले पाहिजेत. केवळ मोटार कारखान्यांनाच नव्हे, तर शिक्षक आणि कारकून कंत्राटावर नेमणाऱ्या आपल्या शासकीय व खासगी संस्थांनाही ते लागू पडतात. ५ जून १९५० रोजी कीइचिरो टोयोडांनी त्यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्वतःपुरते दिले होते.