गोळेश्वरचे खाशाबा : तांबडी माती आणि गादी

मारुतीचे देऊळ आणि त्याला लागून तालीम ही आपल्याकडील खेड्यांची जुनी रीत. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने तालमीची आठवण निघणे साहजिक आहे, आणि तालमीची आठवण निघाली की कै. खाशाबा दादासाहेब जाधव यांचे नाव निघाल्यावाचून राहत नाही.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळील गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. चालता येऊ लागल्यापासून अंगाला माती लागलेली. त्या काळचे कुस्तीचे शिक्षण म्हणजे पहाटे उठून जोर-बैठका मारायच्या, हौद्यातील माती खणून भुसभुशीत करायची आणि वस्तादांच्या नजरेखाली लढती धरायच्या. मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालीत. ती थंड व मऊ राही. जोड लावताना वजनकाटा नसे, पंचांची नजर हाच काटा. घड्याळही नसे. पाठ लागली की निकाल. न लागली तर अंधार पडेतो दोघे एकमेकांना धरून उभे. या शिक्षणाने पकड येते, दम येतो, मान पोलादासारखी होते. खाशाबांचा ढाक हा डाव प्रसिद्ध होता, तो याच मातीतला.

कराडच्या टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभारून ज्या नगरीला कुस्तीचे माहेर केले, तेथे या लहान चणीच्या पोराचे तेज लपणे शक्यच नव्हते. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला आणि १९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले.

तेथे माती नव्हती! गादी होती. या गादीवर कुस्ती खेळण्याचा हा त्यांचा पहिलाच प्रसंग. मातीत पाय रुततो, डावाला उसंत मिळते. गादीवर सगळे काम चपळाईचे. लढतीला ठरावीक मिनिटे, गडी चीत झाला नाही तरी गुणांवर हार-जीत, आणि वजनाचे गट काटेकोर. रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाने त्यांना या नव्या रीतीचे धडे दिले. आयुष्यभर मातीत मुरलेल्या गड्याने एवढ्या अवधीत किती आत्मसात करावे? तरीही ५२ किलो गटात खाशाबा सहावे आले.

गावी परतल्यावर त्यांनी मातीला नावे ठेवली नाहीत आणि मातीचा खोटा अभिमानही धरला नाही, हा त्यांचा मोठेपणा. जोर-बैठका तशाच चालू ठेवून त्यांनी गादीचे नियम, गुण आणि चपळाई अंगी बाणवली.

१९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा पैशाची अडचण पुन्हा उभी राहिली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. देणगीची किंमत रकमेवरून करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

हेलसिंकीत ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरविले. पुढे जपानच्या इशीशी झालेली लढत लांबली आणि ती गेली. दमलेल्या खाशाबांना लगेच रशियाच्या मामेदबेकोव्हसमोर उभे केले गेले. दोन लढतींमध्ये विश्रांती देण्याचा नियम होता, परंतु तो बजावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. म्हणजे मल्ल नवी रीत शिकला, त्याला पाठवणारे मात्र शिकले नव्हते. तरीही २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडले, आणि कुस्तीतले पुढचे तर २००८ साली!

कराड स्टेशनवर १५१ बैलगाड्या त्यांच्या स्वागताला आल्या होत्या. सत्काराचे हार उतरताच खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरविली आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे कर्ज फेडून त्यांचे घर सोडविले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीतील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले, तेही २०१० साली.

महाराष्ट्र केसरीच्या किताबासाठी आज माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता समोरासमोर येतात. गोळेश्वरच्या या गड्याने दोन्ही गोष्टी एकाच अंगावर पेलल्या होत्या, त्याही गावात एक गादी नसताना.