जॉन स्मीटन : चुन्याची परीक्षा घेणारा स्थापत्यकार

जुन्या वाड्याची भिंत पडली म्हणजे पुष्कळदां असें दिसतें कीं, विटा फुटल्या आहेत, पण विटांमधील चुना फुटलेला नाहीं. उलट एखाद्या ठिकाणीं हाच चुना बोटानें चोळतांच भुकटी होऊन गळून पडतो. दोन्हीकडे चुनाच, दोन्हीकडे गवंड्यांचे हात सारखेच कसलेले. मग हा फरक कां पडावा? या प्रश्नाचें मूळ ज्या पुरुषानें प्रथम प्रयोगानें शोधून काढलें, त्या जॉन स्मीटनचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

स्मीटनचा जन्म इंग्लंडांत लीड्स शहराजवळील ऑस्थॉर्प या गांवीं ८ जून १७२४ रोजीं झाला. वडील वकील होते, आणि मुलानें आपलाच धंदा चालवावा अशी त्यांची इच्छा असल्यामुळें त्यांनीं त्याला १७४२ सालीं कायद्याच्या अभ्यासासाठीं लंडनला धाडलें. पण मुलाचें मन लहानपणापासून हत्यारांत व यंत्रांत गुंतलेलें. खेळण्याऐवजीं तो सुतारांच्या व लोहारांच्या मागें हिंडे, आणि त्यांना प्रश्न विचारून बेजार करी. अखेर वडिलांनीं आपला हट्ट सोडला, व स्मीटननें शास्त्रीय उपकरणें तयार करण्याचा धंदा पत्करला. मुलाचा कल ओळखून आपली इच्छा मागें घेणारे वडील सर्वच देशांत दुर्मिळ असतात; या गृहस्थांचें नांव फारसें कोणास ठाऊक नसलें, तरी त्यांचेहि थोडे आभार मानावे असें आम्हांस वाटतें. १७५३ सालीं रॉयल सोसायटीनें स्मीटनला आपला सभासद करून घेतलें. तेव्हां त्याला अजून तिशीहि लागली नव्हती.

आतां ज्या कामानें त्याचें नांव अजरामर झालें, त्याकडे वळूं. प्लिमथ बंदरापासून सुमारें १४ मैलांवर भर समुद्रांत एडिस्टन नांवाचे खडक आहेत. भरतीच्या वेळीं ते पाण्याखालीं जवळजवळ झांकून जातात, आणि त्यांवर आपटून किती जहाजें फुटलीं असतील त्याची गणती नाहीं. तेथें पहिला दीपस्तंभ हेन्री विन्स्टन्ली यानें बांधला. त्यांत १६९८ सालीं दिवा लागला. तो मुख्यतः लांकडी असून त्यावर नक्षी व सज्जे यांची रेलचेल होती. १७०३ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडावर जें महावादळ आलें, त्यांत तो दीपस्तंभ आणि त्या रात्रीं त्यांत असलेला स्वतः विन्स्टन्ली हे दोन्ही समुद्रानें गिळले. सकाळीं खडकावर कांहीं लोखंडी गजांखेरीज विशेष कांहीं उरलें नव्हतें.

दुसरा दीपस्तंभ जॉन रुडयर्ड या रेशमाच्या व्यापाऱ्यानें १७०९ सालीं पुरा केला. त्यानें जहाजें बांधणाऱ्या सुतारांची मदत घेतली. ओक वृक्षाचे वांसे एकमेकांत जखडून, तळाशीं वजनासाठीं दगडांचे थर भरून, बाहेरून जहाजाप्रमाणें उभ्या फळ्या ठोकून हा गुळगुळीत मनोरा त्यानें उभारला. लांकूड चिवट असतें. लाट आदळली म्हणजे तें किंचित् वांकतें व पुन्हां सरळ होतें. या गुणामुळें तो मनोरा ४६ वर्षें टिकला. पण लांकडाचा दुसरा गुण २ डिसेंबर १७५५ च्या रात्रीं प्रकट झाला. दिव्याच्या खोलीला आग लागली. हेन्री हॉल नांवाचा ९४ वर्षांचा वृद्ध रखवालदार वर पाणी फेंकीत असतां छतावरील शिसें वितळून त्याच्या अंगावर व उघड्या तोंडांत पडलें. आपल्या पोटांत शिसें गेलें आहे असें तो डॉक्टरांना परोपरीनें सांगत होता, परंतु कोणाचा विश्वास बसेना. बारा दिवसांनीं तो वारल्यावर त्याच्या जठरांतून सात औंसांहून अधिक वजनाचा शिशाचा गोळा निघाला! तो गोळा एडिंबरो येथील संग्रहालयांत जपून ठेवलेला आहे.

तिसऱ्या दीपस्तंभासाठीं रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांनीं स्मीटनचें नांव सुचविलें. त्यानें आरंभींच ठरविलें कीं, हा मनोरा संपूर्ण दगडी व्हावयाचा. प्लिमथच्या पुष्कळ जाणत्या लोकांस हें वेडेपणाचें वाटलें. वांकणारें लांकूडच तेथें टिकेल, ताठ दगड फुटेल, असें त्यांचें मत होतें. स्मीटनचें म्हणणें याच्या उलट होतें. लाटेपुढें वांकण्यापेक्षां तिला न हलण्याइतकें वजन अंगीं असणें बरें. आणि तें वजन तळाशीं अधिक असावें. म्हणून त्यानें मनोऱ्याला ओकच्या बुंध्याचा आकार दिला, म्हणजे पायथ्याशीं पसरट व वर निमुळता होत गेलेला. बाहेरून कठीण ग्रॅनाइट, आंतून घडावयास सोपा असा पोर्टलंडचा दगड अशी योजना होती.

पण दगड जोडावयाचे कशानें? साधा चुना हवेंतील कर्बवायु शोषून हळूहळू घट्ट होतो. पाण्यांत ठेवला तर तो घट्ट होण्याऐवजीं विरघळून जातो. येथें तर दर भरतीला काम पाण्याखालीं जाणार! पाण्यांत घट्ट होणारे चुने त्या काळीं मुळींच ठाऊक नव्हते असें नाहीं; परंतु ते तसे कां होतात, हें कोणास सांगतां येत नव्हतें. कठीण दगडाचा चुना कठीण होतो, हें मत प्राचीन रोमन काळापासून चालत आलें होतें, आणि एवढीं शतकें लोटलीं तरी कोणी तें पारखून पाहिलें नव्हतें. स्मीटननें १७५६ सालीं तें पारखून पाहिलें. निरनिराळ्या ठिकाणच्या चुन्याचे छोटे गोळे करून, ते थोडे आवळल्यावर त्यानें पाण्यांत टाकले. प्लिमथच्या संगमरवरासारख्या कठीण दगडाचा चुना आणि मऊ खडूचा चुना हे दोन्ही सारखेच निरुपयोगी ठरले. मात्र वेल्सच्या किनाऱ्यावरील ॲबरथॉ येथील साध्या निळसर दगडाच्या चुन्याचा गोळा पाण्यांतच घट्ट होत गेला.

तेव्हां त्या दगडांत असें काय आहे, हें पाहण्यासाठीं कुकवर्दी नांवाच्या औषधविक्रेत्या रसायनज्ञाकडून त्यानें पृथक्करणाची रीत शिकून घेतली. दगडाची पूड नत्राम्लांत टाकली म्हणजे चुन्याचा अंश विरघळतो. शुद्ध दगडाचें मागें कांहीं उरत नाहीं. पण ॲबरथॉच्या दगडाचा गाळ तळाशीं राहिला. तो गाळ म्हणजे चिकणमाती होती; ती भाजतांच तिची वीट झाली! ज्याला लोक दगडांतील मळ समजत, तोच भट्टींत चुन्याशीं संयोग पावून त्याला पाण्यांत घट्ट होण्याची शक्ति देतो, असा उलगडा झाला. आमच्याकडील गवंडी चुन्यांत विटांची सुरखी घालीत, तिचें कामहि याच जातीचें; भाजलेली मातीच ती.

स्मीटननें या चुन्यांत इटलींतून आलेली पोझोलाना नांवाची ज्वालामुखीची राख समभाग मिसळली. वेस्टमिन्स्टरच्या पुलासाठीं आणविलेली ही राख न खपतां एका व्यापाऱ्याकडे पडून होती, ती त्याला मिळाली.

तरीहि चुना घट्ट होण्यास वेळ लागतो, आणि लाट थांबत नाहीं. म्हणून प्रत्येक दगड त्यानें कबुतराच्या शेपटीच्या आकाराचा घडवून शेजारच्या दगडांत असा अडकविला कीं, बसवितांक्षणींच तो उपटून निघूं नये. थराथरांमध्यें संगमरवराचे ठोकळे बसविले. सर्व थर आधीं किनाऱ्यावर जुळवून पाहिल्यावरच दगड होडीनें नेत. १२ जून १७५७ रोजीं पहिला दगड बसला आणि १६ ऑक्टोबर १७५९ रोजीं २४ मेणबत्त्यांचा प्रकाश समुद्रावर पडला. १७६२ च्या आरंभीं मोठें वादळ झालें, तेव्हां मनोरा पडला असेल अशा समजुतीनें लोक पाहूं लागले. तो जागच्या जागीं होता.

पुढील आयुष्यांत त्यानें पूल, बंदरें, कालवे व यंत्रें यांचीं अनेक कामें केलीं. पाणचक्क्यांवरील प्रयोगांबद्दल त्याला १७५९ त कॉप्ले पदक मिळालें होतें. मोठ्या चाकांचे लांकडी आंस कुजतात व मोडतात म्हणून ओतीव लोखंडाचे आंस घालण्याची सुरुवात त्यानें केली. अपयशहि त्याला चुकलें नाहीं. टाइन नदीवर हेक्सम येथें बांधलेला त्याचा पूल पुरा होऊन दोनच वर्षें झालीं होतीं. मार्च १७८२ च्या महापुरांत तो कोसळला. दगड चांगला होता, परंतु खालची नदीची रेताड जमीन पाण्यानें खरवडून नेली. या प्रसंगाचें त्याला फार दुःख झालें. चुन्यावरील प्रयोगांची संपूर्ण हकीकत त्यानें १७९१ त ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली, आणि पुढच्याच वर्षीं २८ ऑक्टोबर रोजीं ऑस्थॉर्प येथें त्याचें देहावसान झालें.

त्याच्या पश्चात् ३२ वर्षांनीं, १८२४ सालीं, त्याच लीड्स शहरांतील जोसेफ ॲस्पडिन या गवंड्यानें चुनखडी व माती मुद्दाम एकत्र भाजून केलेल्या सिमेंटचें पेटंट घेतलें. स्मीटनला जें मिश्रण निसर्गांत तयार सांपडलें होतें, तें आतां माणूस हातानें करूं लागला. रंगानें तें पोर्टलंडच्या दगडासारखें दिसतें म्हणून त्यानें त्याला पोर्टलंड सिमेंट हें नांव दिलें, आणि आजहि गोण्यांवर तेंच नांव छापलेलें असतें.

एडिस्टनच्या मनोऱ्यानें सव्वाशें वर्षांच्या आसपास चाकरी केली. मग असें आढळून आलें कीं, मनोरा मजबूत आहे, पण त्याच्या खालचा खडकच समुद्रानें पोखरला असून मोठ्या लाटेसरशीं सर्व कांहीं हादरतें. म्हणून १८८२ सालीं शेजारच्या खडकावर जेम्स डग्लस यानें नवा दीपस्तंभ बांधला. जुन्याचा वरचा भाग दगड दगड सोडवून प्लिमथच्या हो नांवाच्या टेकडीवर पुन्हां उभारण्यांत आला. लोक आंत जाऊन जिना चढून पाहतात. खालचा भरीव बुंधा मात्र काढला नाहीं. तो डग्लसच्या मनोऱ्याशेजारीं मूळ खडकावरच उभा आहे, आणि रोज भरतीचें पाणी त्याच्या अंगावर चढतें व उतरतें.